एसपीएफ लावूनही आपल्या नावाने खोटे मेल का जातात

एसपीएफ (डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची डीएनएसमधली, म्हणजे डोमेनच्या जाहीर नोंदींमधली, यादी) टाकून झालं तरी आमच्या पत्त्यावरून क्लायंटला खोटी बिलं जातायत, असं तुम्ही लिहिलंय. सगळ्यात आधी क्लायंटकडून त्यातला एक मेल अटॅचमेंट म्हणून मागवा, साधा फॉरवर्ड नको, त्यात मूळ हेडर (मेल कुठून कसा आला त्याची एरवी न दिसणारी माहिती) येत नाहीत. डोमेन एखाद्या अक्षराने वेगळं निघालं तर पुढचं काहीच कामाचं नाही, आणि मेल खरंच तुमच्या मेलबॉक्समधून गेला असेल तर ताबडतोब पासवर्ड बदला.

डोमेन तुमचंच असेल तर कारण सरळ आहे. एसपीएफ रिटर्न-पाथचं (न पोचलेला मेल ज्यावर परत येतो तो आतला पत्ता) डोमेन तपासतो आणि लोकांना दिसतो फ्रॉम, म्हणजे पाठवणाऱ्याचा पत्ता. चोर रिटर्न-पाथमध्ये स्वतःचं डोमेन टाकतो, एसपीएफ आरामात पास होतो, फ्रॉममध्ये तुम्ही. हे दोन जुळतात का ते डीमार्क (डीएनएसमधलीच आणखी एक नोंद) बघतो, म्हणून तो हवाच.

न जुळलेल्या मेलचं काय करायचं ते त्याच नोंदीतला 'पी' सांगतो. सुरुवात पी=नन ने करा, पण तिथेच थांबू नका! बहुतेक जण तिथेच थांबतात, आणि नन काहीच अडवत नाही, फक्त रिपोर्ट पाठवतो. ते रिपोर्ट खरंच वाचा. त्यात एखादी ओळ अशी दिसेल की एसपीएफ पास, डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) पास, तरी डीमार्क फेल, कारण दोन्हींचं डोमेन फ्रॉमशी जुळत नाही. ती बहुतेक वेळा तुमचीच न्यूजलेटर किंवा पगारपत्रकवाली सर्व्हिस असते, जी सही स्वतःच्या डोमेनने करते. तिच्या सेटिंगमध्ये जाऊन तुमच्या डोमेनची डीकेआयएम की लावून घ्या, २०४८ बिटची; डीमार्कला दोन्हींपैकी एक जुळलं तरी पुरतं. सगळ्या सर्व्हिस एसपीएफमध्ये कोंबत बसू नका, १० डीएनएस लुकअपच्या वर गेलं की अख्खं रेकॉर्डच एररमध्ये जातं. शिवाय मेल फॉरवर्ड झाला की एसपीएफ तुटतो, डीकेआयएम सहसा टिकतो. सगळ्या खऱ्या सर्व्हिस पास व्हायला लागल्या की पी=क्वारंटाइन (स्पॅममध्ये टाका), मग रिजेक्ट (घेऊच नका).

वाटेत कोणी मेल वाचतंय का, ही भीती वेगळी आणि डीमार्कचा तिच्याशी संबंध नाही. सर्व्हर एकमेकांना स्टार्टटीएलएस (मेल एन्क्रिप्ट करून पाठवू का) विचारतात, मधल्याने ते उत्तर गाळलं की मेल उघडाच जातो. त्यासाठी एमटीए-एसटीएस, २०१८ चं स्टँडर्ड आहे: आमच्याकडे मेल एन्क्रिप्ट करूनच पाठवा, असं तुम्ही एका पॉलिसी फाइलमध्ये जाहीर करता. आधी टेस्टिंग मोड, सोबत टीएलएस रिपोर्ट (एन्क्रिप्शन कुठे फसलं त्याचे) चालू, मग एनफोर्स, म्हणजे सक्ती. फक्त उद्या एमएक्स (तुमचे मेल घेणारा सर्व्हर) बदलणार असाल तर पॉलिसी फाइलमध्ये नवीन नाव आधी टाका, नाहीतर येणारे मेल अडकतील. आणि हे तुमच्याकडे येणाऱ्या मेलसाठीच आहे, जाणाऱ्याचं समोरच्याच्या डोमेनवर अवलंबून.

कंपनीची जुनी पडून असलेली डोमेन्सही बघा, ज्यावरून मेल जातच नाही त्यांना एसपीएफमध्ये फक्त मायनस ऑल (-all, म्हणजे कोणालाच परवानगी नाही) आणि डीमार्क थेट रिजेक्ट, आजच करून टाका.