केक आधी की कढई?

"मॅडम, एका दगडात दोन पक्षी मारले तर बिघडलं कुठं?"

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच तिनं हे विचारलं. यातले पक्षी कोण, असं माझ्या अगदी तोंडावर आलं होतं, गिळलं. समोरचं माणूस दमलेलं असताना चलाखी करू नये, हे मी समुपदेशनाच्या या पेशात जरा उशिराच शिकले.

तिच्या परवानगीनं लिहिते आहे आणि ओळख पटेल असं सगळं बदललं आहे. वय ४४, राहणार डोंबिवली पूर्व. दीड वर्षापूर्वी नवऱ्याचा पगार कापला गेला, मुलगा बारावीला. म्हणून तिनं घरोघरी डेमो देऊन स्टीलची भांडी विकायचं काम धरलं. सात भांड्यांचा सेट, किंमत ४२,००० रुपये. डेमोला लागतो म्हणून पहिला सेट तिनं स्वतःच हप्त्यांवर घेतला होता. पाच महिन्यांत दोन सेट गेले. एक माहेरी आईनं घेतला, दुसरा बहिणीनं.

आणि आता नणंदेची पन्नाशी आली होती. नणंद मुलुंडला असते, बँकेत नोकरी, लग्न केलं नाही. पगार कापला त्या वर्षी भाच्याच्या क्लासची फी तिनं कुणाला न सांगता भरून टाकली होती. ताईंसाठी एकदा काहीतरी करायचंच, हे भावजयीच्या मनात तेव्हापासून होतं. सोसायटीचा हॉल घ्यायचा, पंचवीसेक बायका बोलवायच्या आणि ताईंना पत्ता लागू द्यायचा नाही. इथपर्यंत सगळं छान होतं. मग तिच्या वरच्या लीडर मॅडमनी त्यात आपली कढई चढवली. पंचवीस बायका आयत्या जमताहेत, तर स्वयंपाक आपल्याच भांड्यांत सगळ्यांसमोर कर. केकच्या आधी चाळीस मिनिटांचा डेमो. ठरावीक रकमेच्या वर विक्री गेली की यजमानीण म्हणून तुला मोठी कढई फुकट, ती नणंदेला भेट दे. हॉलचं भाडंही सुटेल.

"आणि आधी सांगायचं नाही म्हणाल्या. नुसतं म्हणायचं, घरचा कार्यक्रम आहे."

नवऱ्याला कळलं तेव्हा तो म्हणाला, "माझ्या बहिणीच्या वाढदिवसाला दुकान मांडणार तू?" ती म्हणाली, "मी चोरी करते का?" त्यानंतर चार दिवस घरात कामापुरतं बोलणं.

भांडी ऐवजी विमा, साड्या, प्रोटीन पावडर किंवा क्रीम घातलं की हाच प्रश्न वर्षातून चार-सहा जणी घेऊन येतात. घरच्या कार्यक्रमाला विक्री जोडली तर चालेल का? ओळखीच्यांना विकणं वाईट दिसतं का? बहुतेकींना माझ्याकडून फक्त 'चालेल' किंवा 'चालणार नाही' एवढंच हवं असतं. विकण्यात कमीपणा आहे असं मी कधीच म्हणत नाही. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आपल्याकडे हळदीकुंकवाच्या हॉलमध्ये कोपऱ्यात साडीवाली नाहीतर मसालेवाली टेबल लावून बसलेली असते. येता-जाता कुणी पदर उलगडून बघते, कुणी वाण पर्समध्ये टाकून सरळ चपला शोधायला जाते. कुणालाच काही टोचत नाही. डेमोचं तसं नसतं. तिथं सगळ्यांना समोर बसवलेलं असतं, आणि इथं तर मागे केक ठेवलेला. केक कापायच्या आधी उठलं तर वाढदिवस असलेल्या बाईचा अपमान होतो. म्हणजे ज्या प्रेमापोटी पाहुणी आली, तेच प्रेम तिला खुर्चीला बांधून ठेवणार.

ही यजमानीणबाईला फुकट वस्तू द्यायची युक्ती काही आपल्या लीडर मॅडमच्या डोक्यातली नाही. अमेरिकेत अर्ल टप्परनं १९४६ साली प्लास्टिकचे घट्ट झाकणाचे 'टप्परवेअर' डबे बाजारात आणले, ते दुकानात पडून राहिले. ब्राउनी वाइज नावाच्या बाईनं ते घरगुती पार्ट्या करून विकून दाखवले. १९५१ पासून कंपनीनं डबे दुकानातून काढूनच घेतले आणि सगळा भर त्या पार्ट्यांवर ठेवला. वाइजबाई इतक्या गाजल्या की १९५४ साली 'बिझनेस वीक'च्या मुखपृष्ठावर झळकणारी ती पहिली बाई ठरली. पण त्या पार्टीला जाणारीला आपण डबे बघायला चाललोय हे ठाऊक असायचं. बारशाला म्हणून बोलावून डबे उघडले नव्हते.

एवढं सगळं मी अर्थात तिला ऐकवलं नाही. मी म्हटलं, "आपण करून बघू. मी ताईंच्या बँकेतली मैत्रीण. मुलुंडहून लोकलनं उभी आलेय, पर्समध्ये पाकीट आहे. तुम्ही सुरू करा."

तिनं सुरू केलं, आणि फार छान करत होती. तिला आवाज आहे, हात बोलतात. तापलेल्या कढईवर पाण्याचा थेंब टाकला की तो मोत्यासारखा कसा पळतो, मग तेल न घालता भाजी कशी होते. मग ती त्या प्रसिद्ध प्रयोगाकडे आली. ज्या घरी डेमो असतो तिथलंच एखादं जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं मागून घ्यायचं, त्यात खायचा सोडा घालून पाणी उकळायचं, शेजारी आपल्या भांड्यात तसंच उकळायचं आणि दोन्ही पाण्यांची चव बायकांना बघायला लावायची. सोड्याच्या गरम पाण्यात ॲल्युमिनियम थोडं उतरतं, भांडं काळवंडतं, चव बिघडते. बायका घाबरतात. (आपण आमटीत चमचाभर सोडा घालून दहा मिनिटं उकळतो का, असं कुणी विचारत नाही. आणि त्या महागड्या ट्रायप्लाय भांड्याच्या पोटातही दोन स्टीलच्या पत्र्यांमध्ये ॲल्युमिनियमच असतं, कारण नुसतं स्टील आच नीट पसरवत नाही. ते अन्नाला लागत नाही, एवढं मात्र खरं.)

"पातेलं कुणाचं घेणार?" मी विचारलं.

"सासूबाईंचं. मोठं आहे घरात."

"त्या असतील ना तिथं?"

ती थांबली. लेकीच्या पन्नाशीला सासूबाई असणारच होत्या. ज्या पातेल्यात त्यांनी दोन्ही मुलांसाठी भात शिजवला, त्यातलं पाणी पंचवीस बायका तोंड वाकडं करून थुंकणार होत्या. मी मैत्रिणीची भूमिका सोडली नव्हती, म्हणून तेवढ्यात विचारलं, "अहो, केक कधी कापणार? माझी गाडी आहे." ती हसायला लागली, आणि हसता हसता रडली.

त्या दिवशी निघताना तिनं कॅटलॉग टेबलावर ठेवला. "मॅडम, तुम्ही एकदा बघा तरी." मी तो तिच्या हातात परत दिला आणि सांगितलं की तुमच्याकडून मी एक झाकणही घेणार नाही. जी आपल्याकडे समुपदेशनाला येते तिच्याशी दुसरा व्यवहार करायचा नाही, हा आमच्या कामातला पाळायचा नियम आहे. उद्या भांडं आवडलं नाही तर तुम्ही मला मोकळेपणानं काही सांगू शकणार नाही, आणि मी तुम्हाला. कारण तिला पटलं, पण चेहरा पडलाच. तो मी मुद्दाम लक्षात ठेवला.

पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात केली. मी 'नको' म्हटल्यावर काय झालं? ती म्हणाली, "वाटलं, तुम्हाला मीच नको आहे."

खरी गाठ इथं होती. पाच महिन्यांत तिनं समोरासमोर कुणाला 'घेता का' असं विचारलंच नव्हतं. आई आणि बहीण यांनी तिची अडचण ओळखून आपणहून घेतले होते. वाढदिवसाची युक्ती तिला सोयीची वाटली, कारण त्यात विचारायचंच नव्हतं. प्रसंगानं परस्पर विचारलं असतं, आणि प्रसंगाला सहसा कुणी नाही म्हणत नाही. लीडर मॅडमना हवी होती विक्री. हिला नकारापासून आडोसा हवा होता. नवरा ज्याला निर्लज्जपणा म्हणत होता तो खरं तर अतोनात संकोच होता, हे मी त्याला नंतर एकदा बोलावून सांगितलं. तो बराच वेळ नखांकडे बघत बसला. त्याच्या पगाराचा विषय त्यानं काढला नाही, मीही नाही. तो वेगळ्या दिवसाचा.

मी तिला पाहुण्यांची यादी काढायला लावली. प्रत्येक नावापुढे दोन खुणा: नुसता वाढदिवस असता तर आली असती का, आणि नुसता डेमो असता तर आली असती का. पंचवीसपैकी दोन्ही खुणा सहा नावांपुढे पडल्या. ताईंच्या बँकेतल्या आठही जणींपुढे एकच. मग तिसरी खूण करायला सांगितली: हिनं 'नको' म्हटलं तर पुढच्या आठवड्यात हिच्याशी पूर्वीसारखं बोलता येईल का? या खुणेला तिला अख्खा आठवडा लागला.

मी तिला माझाही एक किस्सा सांगितला. वीसेक वर्षांपूर्वी शेजारणीनं भिशीला बोलावलं आणि चहाच्या आधी डब्यांची पेटी उघडली. मी चार डबे घेतले. डबे चांगले होते, एक अजून माळ्यावर असेल. पण त्यानंतर ती जिन्यात दिसली की मी लिफ्टनं जायचे. तिचं काही चुकलं असं मी कधी बोलले नाही, आणि तिलाही मैत्री का आटली ते कधी कळलं नसेल. घरगुती विक्रीतली नाराजी अशीच असते. भांडण होत नाही, नुसती माणसं फोन उचलायची कमी होतात.

'आधी सांगायचं नाही' याबद्दल मात्र मी तिला स्पष्ट बोलले. थेट विक्रीबाबत ग्राहक संरक्षण कायद्याखाली डिसेंबर २०२१ मध्ये नियम आले आहेत. त्यात विक्रेत्यानं बोलायला लागतानाच आपण कोण, कुठल्या कंपनीचे, काय विकतो आणि कशासाठी आलोय ते खरंखरं सांगायचं आहे; ओळखपत्र आणि आधी घेतलेली वेळ याशिवाय कुणाच्या दारी जायचं नाही. "लीडर मॅडम रागावल्या तर हे दाखवा," मी म्हटलं. तिला त्यानं फार धीर आला. नियमाचा आधार असला की आपल्याकडे माणसं बरीच धीट होतात.

शेवटी जे ठरलं ते तिच्याच डोक्यातून आलं आणि मला अजून त्याचं कौतुक वाटतं. तिनं बेत उलटा केला. पंचवीस जणींना सांगितलं की वाढदिवस आहे, फक्त वाढदिवस. आणि ताईंना फोन केला, "रविवारी माझा डेमो आहे, बायका कमी पडताहेत, तुम्ही आलात तर बरं होईल." थाप होतीच, पण ज्या बाईला थाप मारली तिच्याच पदरात शेवटी सगळं पडणार होतं. मला यात खटकलं नाही.

ताई आल्या. हॉलचं दार उघडलं, फुगे, मुलं, सासूबाई खुर्चीत नवी साडी नेसून. ओवाळून झाल्यावर ताई आधी रडल्या, मग केकवर सुरी ठेवून म्हणाल्या, "अगं पण डेमो कुठाय तुझा?" त्यांनी पर्समधून चेकबुक काढून दाखवलं. एक सेट घ्यायचाच, असं ठरवून त्या घरून निघाल्या होत्या.

हे सांगताना ती माझ्यासमोर बराच वेळ काही बोलली नाही. त्यांनी त्या दिवशी घेतला असता. ४२,००० चा चेक फाडला असता, लीडर मॅडम खूश झाल्या असत्या, आणि फीसारखं आणखी एक न बोललेलं ओझं घरात आलं असतं. "मी म्हटलं, ताई, आज नको." हे वाक्य तिनं मला दोनदा सांगितलं.

स्वयंपाक सासूबाईंच्या पातेल्यात झाला. मसालेभात होता म्हणे.

डेमो तीन आठवड्यांनी तिच्या घरी झाला. फोनवर पहिलंच वाक्य, "विकायला बोलावतेय, वेळ असेल तरच या." नऊ जणी आल्या. सोड्याचा प्रयोग तिनं गाळला, पाण्याचा थेंब ठेवला. एक सेट गेला, दोघींनी नुसती कढई मिळेल का विचारलं, एकीनं तोंडावर सांगितलं की एवढ्या पैशात मी गॅसची शेगडी बदलीन. त्या बाईबरोबर ती दुसऱ्या दिवशी भाजीला गेली. फुकटची कढई अर्थातच मिळाली नाही, लीडर मॅडमचे फोन कमी झाले आणि हप्ते अजून सात उरले आहेत. हे काम पुढे चालू ठेवायचं की नाही, ते तिचं ठरलेलं नाही. नवरा डेमोच्या दिवशी खुर्च्या आणायला खाली गेला होता, एवढं ती म्हणाली.

ती गेल्यावर बघते तर कॅटलॉग खुर्चीवर. विसरला की ठेवला, काही कळायला मार्ग नाही. माझ्या खणात आहे, पुढच्या बुधवारी परत द्यायचाय.