वाचकांचे प्रश्न : सीट हलते, पण कुठे?

गेल्या अंकात मी विचारलं होतं की बाळाची पाठमोरी सीट, म्हणजे जिच्यात बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे असतं ती, बसवताना नेमकं कुठे अडतं? पत्रं आली, आणि त्यांतल्या बऱ्याच पत्रांत एकच तक्रार आहे: सीट हलते. म्हणून त्या प्रश्नाला आज ऐसपैस जागा दिली आहे, बाकीची उत्तरं आटोपशीर. लोकांच्या गाड्यांत वाकून अशा सीट तपासून देणं हे माझं रोजचं काम. पण गाडीपाशी पोचले की मी आधी दोन पुस्तिका मागते, सीटची आणि गाडीची, आणि बॉनेटवर शेजारी शेजारी उघडून ठेवते. माझं म्हणणं आणि पुस्तिका यांत फरक पडला, तर पुस्तिकेचं ऐका.

नातीची ने-आण माझ्या जुन्या गाडीतून होते. गाडीला आयसोफिक्सच्या कड्या, म्हणजे बाळाची सीट बेल्टशिवाय थेट अडकवायच्या कड्या, नाहीत, म्हणून सीट गाडीच्या बेल्टनेच बांधतो. जीव खाऊन ओढतो, तरी सीटचा वरचा भाग धरून हलवला की ती डुलते. सून म्हणते, बाबा, नीट बसलेली नाही. शिवाय दोन दिवसांनी बघावं तर बेल्ट पुन्हा सैल. कुठे चुकतंय? – एक आजोबा

काका, वरचा भाग धरून हलवणं आधी सोडून द्या. पाठमोऱ्या सीटचं डोक्याकडचं टोक बहुतेक सीटमध्ये कशालाच बांधलेलं नसतं. ते थोडं डुलणारच. बेल्ट सीटमधून ज्या वाटेने जातो, तिथेच सीट धरायची आणि डावीकडे-उजवीकडे, पुढे-मागे हलवून बघायची. जोरही हस्तांदोलनाला लावतो तेवढाच. तिथे साधारण अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकत नसेल, तर सीट बसली. सुनेलाही त्याच जागी हात लावून बघायला सांगा, वाद मिटेल.

आता बेल्टची वाट. काही सीट दोन्ही दिशांनी बसवता येतात, त्यांच्यावर दोन वाटा असतात. युरोपीय मानकांच्या सीटवर पाठमोऱ्या वापराची वाट निळ्या खुणांनी दाखवलेली असते, पुढे तोंड असतानाची लाल खुणांनी. निळी वाट धरा. लहान बाळाच्या पुष्कळ सीटमध्ये बेल्टचा कमरेचा भाग बाळाच्या पायांवरच्या दोन खाचांतून जातो आणि खांद्याचा भाग कवचाच्या मागून वळसा घेतो. हे दोन भाग उलटे अडकवलेले मी वरचेवर बघते. वरवर पाहता ते घट्टही वाटतात, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

ओढण्याचा क्रम असा ठेवा. बकल लावा, क्लिक ऐका. एका हाताने सीट गाडीच्या गादीत खाली आणि पाठीकडे दाबून धरा. दुसऱ्या हाताने आधी कमरेचा भाग ओढून त्यातला ढिलेपणा खांद्याच्या भागात आणा, मग खांद्याचा भाग वर, बेल्ट जिथून बाहेर येतो तिकडे, ओढा. लोक थेट खांद्याचाच भाग ओढतात आणि कमरेपाशी वीतभर पट्टा लोंबत राहतो. सीटवर गुडघा देऊन चढायची गरज नाही. पाठमोऱ्या सीटचा कोन त्याने बिघडतो, आणि तुमच्या गुडघ्याचंही काही भलं होत नाही.

दोन दिवसांनी सैल होण्याचं कारण बेल्टच्या गुंडाळीत आहे. साधा बेल्ट झटका बसला तरच अडकतो. एरवी हळू ओढला की तो येतच राहतो, त्यामुळेच आपण पुढे वाकून चप्पल शोधू शकतो. सीट अशा बेल्टवर असली, तर खड्डे आणि वळणं तिला हळूहळू मोकळी करतात. काही गाड्यांत बेल्ट शेवटापर्यंत बाहेर ओढला की परत जाताना कटकट आवाज करत जागच्या जागी अडकत जातो. तुमच्या बेल्टमध्ये ही सोय आहे का ते गाडीच्या पुस्तिकेत सापडेल. ती नसेल तर सीटवर बेल्ट दाबून धरणारा चिमटा आहे का बघा. पाठमोऱ्या वापरासाठी कोणता चिमटा ते त्यावर लिहिलेलं असतं. दोन्ही नसेल तर निघताना दर वेळी बेल्ट पुन्हा ओढून घ्यायचा, दुसरा इलाज नाही.

अजून एक जागा आवर्जून तपासा. गाडीच्या बकलचा दांडा लांब असला, तर ते बकल सीटच्या खाचेवर किंवा काठावर येऊन आडवं होतं. अशा बकलवर बाजूने ताण येतो आणि ते धक्क्यात मोडू शकतं. बकल काठावर येत असेल तर सीट त्या जागी बसत नाही, असंच समजा. मागची दुसरी बाजू किंवा मधली जागा करून बघा. मध्ये तीन बिंदूंचा, म्हणजे कमर आणि खांदा दोन्ही धरणारा, बेल्ट असेल आणि सीट तिथे सपाट बसत असेल तर मधली जागा चांगलीच, कारण बाजूच्या धडकेपासून ती सर्वांत दूर. पण मध्ये डगमगणाऱ्या सीटपेक्षा कडेला घट्ट बसलेली सीट मी केव्हाही पसंत करते.

शेवटी कोन. गाडी सपाट जागी उभी करा, उतारावर बघाल तर फसाल. सीटच्या कडेला एक रेघ किंवा पाण्याच्या बुडबुड्याची नळी असते. रेघ जमिनीला समांतर हवी, बुडबुडा ठरलेल्या जागेत हवा. तान्ह्या बाळाची सीट फार उभी झाली तर झोपेत त्याचं डोकं पुढे कलतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दबते. फार आडवी झाली तर धडकेत बाळ डोक्याकडे सरकतं. गाडीची गादी मागे उतरती असेल, तर काही कंपन्या सीटखाली टॉवेलची घट्ट गुंडाळी ठेवायला परवानगी देतात, काही साफ नाही म्हणतात. तुमच्या पुस्तिकेत टॉवेलचं नाव नसेल तर टॉवेल नको.

बाळ चौदा महिन्यांचं आहे. पाय मागच्या सीटला टेकतात, गुडघे दुमडून बसतं. सासूबाई म्हणतात, धडक झाली तर पाय मोडतील, आता पुढे तोंड करा. ताई, तुम्हीच त्यांना काहीतरी सांगा. – एक आई

सासूबाईंना नमस्कार सांगा. त्यांची काळजी अगदी खरी आहे, फक्त ती चुकीच्या अवयवाची आहे. जन्माच्या वेळी बाळाचं डोकं त्याच्या एकूण लांबीच्या चौथ्या भागाएवढं असतं. मोठ्या माणसात ते सातव्या-आठव्या भागावर येतं. हे जड डोकं ज्या मानेवर आहे तिचे मणके पूर्ण हाडाचे झालेले नसतात, काही भाग अजून कूर्चेचे असतात. गाडी समोरून धडकली की पुढे तोंड केलेल्या बाळाचं धड पट्ट्यांत अडकतं आणि डोकं पुढे फेकलं जातं, सगळा ताण मानेवर येतो. पाठमोऱ्या बाळाचं डोकं, मान आणि पाठ एकाच वेळी कवचात दाबली जातात, म्हणून धक्का सगळ्या पाठीवर विभागतो. पाय दुमडलेले असले तरी बाळाला त्याचं काही वाटत नाही. मांडी घालून बसणाऱ्याला पाय लांब करायची हौस नसते. पायाचं हाड मोडलंच तर जुळतं. मानेचं तसं नाही.

ही कल्पना स्वीडनची. बर्टिल आल्डमन या डॉक्टरांनी जेमिनी यानात अंतराळवीर पाठीवर रेलून बसतात हे पाहिलं आणि तेच तत्त्व लहान मुलांसाठी वापरलं. 1964 साली व्होल्वोच्या गाडीत अशा पहिल्या नमुन्याची चाचणी झाली. मुलांच्या सीटसाठी युरोपात चालणाऱ्या आजच्या आर 129 या मानकात पंधरा महिन्यांपर्यंत पाठमोरं बसवणं सक्तीचं आहे, आणि ते किमान वय आहे. पंधरावा महिना लागला की सीट फिरवावी, असा त्याचा अर्थ नव्हे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 2018 साली आधीची दोन वर्षांची अट काढली आणि सीटची वजनाची किंवा उंचीची मर्यादा संपेपर्यंत मूल पाठमोरं ठेवा, असं सांगितलं.

तेव्हा पाय मोजू नका, डोकं मोजा. पुष्कळ सीटच्या पुस्तिकांत नियम असतो की बाळाच्या डोक्याच्या वर कवच निदान अडीच सेंटिमीटर उरलं पाहिजे. तुमच्या सीटचा नियम काय, ते पुस्तिकेत बघा. ती जागा संपली की सीट लहान झाली. तेव्हासुद्धा लगेच फिरवू नका. मोठ्या मुलांनाही पाठमोरं बसवणाऱ्या सीट मिळतात.

पुढच्या सीटवर, माझ्या शेजारी बसवलं तर? एकटीच चालवते, बाळ रडलं की दिसत नाही. – एक वाचक

समोरची एअरबॅग चालू असेल तर अजिबात नाही. पाठमोऱ्या सीटचं कवच डॅशबोर्डच्या अगदी जवळ येतं, बॅग फुटली की सरळ त्या कवचावर आणि त्यामागच्या डोक्यावर आदळते. साध्या धडकेतसुद्धा. पुढच्या सन व्हायझरवर या प्रसंगाचं चित्र फुली मारून छापलेलं असतं, एकदा खाली ओढून बघा. गाडीत मागची सीटच नसेल, तर पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे बॅग बंद करून, बंद असल्याचा दिवा लागलेला बघून, मगच. तुमच्याकडे मागची सीट आहे, ती वापरा. रडणारं बाळ श्वास घेत असतं.

आमची सीट आयसोफिक्सची, खाली टेकायचा पाय असलेली. गाडीत पायाशी, जमिनीखाली सामानाचा पोकळ कप्पा आहे. पाय त्याच्या झाकणावर येतो. चालेल का? आणि जास्त पक्कं म्हणून वरून बेल्टही लावावा का? – नवे बाबा

झाकणावर नको. धडकेत सीटचं पुढचं टोक खाली लोळू पाहतं, ते अडवायचं काम या पायाचं. त्या क्षणी त्याच्यावर येणारा भार प्लॅस्टिकचं झाकण पेलत नाही. काही गाड्यांना त्या कप्प्यात भरायचा ठोकळा मिळतो. काहींच्या पुस्तिकेत त्या जागेवर पायवाली सीट लावूच नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं. गाडीच्या पुस्तिकेत मुलांच्या सीटचा तक्ता असतो, प्रत्येक जागेसमोर काय चालतं ते त्यात दिलेलं असतं.

पाय जमिनीला नुसता टेकून चालत नाही, नीट दाबून बसला पाहिजे. पण इतकाही लांबवू नका की सीटचा तळ गादीवरून उचलला जाईल. दोन्ही कड्यांचे आणि पायाचे दर्शक हिरवे झाले, की तरीही तळ धरून एकदा जोराने ओढून बघा. एकच बाजू अडकलेली आणि दोघं नवरा-बायको हिरव्या खुणेवर समाधानी, हे दृश्य मला नवं नाही.

बेल्ट वरून लावायचा नाही, पुस्तिकेत तसं सांगितलं असेल तरच लावा. दोन मार्ग एकत्र केले की दुप्पट पक्कं होतं असं नाही. ती सीट त्या पद्धतीने तपासलेलीच नसते. आर 129 च्या आयसोफिक्स सीटमध्ये बाळ आणि सीट मिळून वजन 33 किलोपर्यंतच चालतं, हेही ध्यानात असू द्या.

पट्टे किती घट्ट? थंडीत जाड जाकीट घालून बसवतो. – एक आजी

जाकीट काढून. पट्टे आवळल्यावर खांद्यापाशी पट्ट्याची चिमूट घ्यायचा प्रयत्न करा. चिमटीत पट्टा आला तर अजून ओढा. जाकिटाची फुगवट धडकेत दबून जाते आणि घट्ट वाटलेले पट्टे सैल पडतात. आधी पट्टे लावा, मग वरून शाल पांघरा. पाठमोऱ्या सीटमध्ये पट्टे खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित खालून निघाले पाहिजेत, वरून नाही. धडकेत बाळ कवचावरून वर सरकू पाहतं, खालून आलेले पट्टे त्याला धरतात. आणि सीटबरोबर न आलेल्या गोंडस उश्या, मानेचे आधार, पट्ट्यांची आवरणं कितीही मऊ असोत, काढून टाका.

चुलतबहिणीची सीट मिळते आहे. घ्यावी का? – पुन्हा एक आई

बहिणीला एकच थेट प्रश्न विचारा: गाडीला कधी धडक बसली होती का? बसली असेल तर नको, कवचाच्या आतली चीर वरून दिसत नाही. नसेल तर सीट उलटी करून लेबल बघा. मानकाचा क्रमांक, वजन किंवा उंचीची मर्यादा, निर्मितीची तारीख, आणि दिलेली असेल तर वापराची शेवटची तारीख. युरोपात आर 44 या जुन्या मानकाच्या नव्या सीट सप्टेंबर 2024 पासून विकता येत नाहीत, पण असलेली वापरायला तिथे मनाई नाही. त्यामुळे लेबलवर 44 दिसलं म्हणून घाबरू नका. पट्टे उसवलेले, कडक झालेले, ब्लीचने धुतलेले नकोत. पुस्तिका हरवली असेल तर बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर मॉडेलच्या क्रमांकावरून मिळते. लेबलच फाटून गेलं असेल तर बहिणीचे आभार माना आणि सीट तिच्याकडेच राहू द्या.