आधी ब्लीचिंग, मग पुढच्या दाताचं फिलिंग

ब्लीचने उजळतो तो फक्त नैसर्गिक दात. कंपोझिट फिलिंग (दाताच्या रंगाच्या रेझिनचं) किंवा कॅप जवळजवळ आहे त्याच रंगाची राहते. त्यामुळे पुढच्या दातातलं जुनं फिलिंग नंतर पिवळट, उठून दिसणार. ते बदलण्याचा खर्च आधीच धरा, पण बदलायची घाई नको. ब्लीचनंतर दातात उरलेला ऑक्सिजन नव्या फिलिंगच्या रेझिनला नीट घट्ट होऊ देत नाही, पकड कच्ची राहते. शिवाय आलेला उजळपणाही थोडा उतरतो. दोन आठवडे थांबून मगच नव्या फिलिंगची शेड (रंगछटा) जुळवा.

घरी ब्लीच करायच्या ट्रेसाठी (दातांवर बसणारा, जेल भरायचा साचा) १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं जेल पुरे (त्यातून साधारण ३.५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं, तेच दात उजळवतं). दर दाताला थेंबभर जेल. जास्त झालं की हिरडी पांढरी पडून चुरचुरते. फिलिंगच्या कडेला फट असेल तर डेंटिस्टकडून आधी बुजवून घ्या, नाहीतर जेल आत झिरपून ठणका लागतो.