परदेशी करारावर सही करण्याआधी

अगं, डेक्कनला तुझा बास्केटबॉलचा खेळ बघते ना, बाहेर खेळायची तुझी ओढ मला मनापासून पटते. आपली भारताची खेळाडू गीतू ॲना जोस ऑस्ट्रेलियात रिंगवूड हॉक्स या क्लबकडून खेळली, २०११ मध्ये डब्ल्यूएनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या महिलांच्या व्यावसायिक लीगच्या, निवड चाचणीपर्यंत पोचली. म्हणजे वाट आहे.

पण एजंट फिबाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचा, परवानाधारक आहे का, ते आधी बघ. पगाराची तारीख, घरभाडं, आणि मुख्य म्हणजे गुडघा गेला तर उपचार अन् उरलेला पगार कोण देणार, हे सगळं लेखी हवं. वाद झाल्यास बास्केटबॉलच्या लवादाकडे, म्हणजे 'बॅट'कडे, जाण्याचं कलम घालूनच घे. नाहीतर अडकलेल्या पैशांसाठी परक्या देशात कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. आपल्या भारतीय महासंघाचं क्लिअरन्स पत्र, म्हणजे बाहेर खेळायला हरकत नसल्याचं पत्रही लागतं. अठराच्या आत फिबा अपवादानेच परवानगी देतं, तेव्हा घाई नको. तोवर डाव्या हाताचा ले-अप, तो धावत जाऊन बास्केटजवळून टाकायचा शॉट, पक्का कर.