'बारीक झालीस गं!' या वाक्याची भीती

वजन कमी करायची भीती वाटते असं कोणी म्हटलं की समोरचे हसतात. त्यात भिण्यासारखं काय आहे? चार घास कमी खा नि चाला. माझ्याकडे वजनाचा विषय घेऊन येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या पर्समध्ये आहाराचा तक्ता आधीच असतो, एकाचे दोनही असतात. अडतं ते सुरू करण्यापाशी. आणि 'या वेळीही नाही झालं तर?' हा खरा प्रश्न तासभर इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर, उठता उठता येतो.

नागपुरातल्या मानेवाड्याच्या एका बाईंची गोष्ट त्यांच्या परवानगीनं, ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते. वय 43, शाळेत शिक्षिका. उंची 155 सेंटिमीटर, वजन 82 किलो. एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी रक्ताची तपासणी, 6.1 आलं होतं. 5.7 ते 6.4 हा मधुमेहाच्या आधीचा पट्टा, म्हणजे साखर काठावर. थायरॉईड ठीक होतं. डॉक्टरांनी 'वजन कमी करा' एवढं सांगून पाठवलं होतं. बाईंनी घरी येऊन वजनकाटा पलंगाखाली ढकलला.

"किती कमी करायचंय?" मी विचारलं.

"पंचावन्नवर यायचंय. लग्नात तेवढीच होती न मी."

82 मधून 55 गेले की 27. अंगाचा तिसरा हिस्सा. हा आकडा ऐकून मला नवल वाटलं नाही. 1997 साली अमेरिकेत लठ्ठपणावर उपचार घेणाऱ्या 60 बायकांना सुरुवातीलाच विचारलं होतं, किती वजन घटायला हवं? त्यांचंही उत्तर सरासरी 32 टक्के आलं. 17 किलो घटलं तर निराशा होईल, असं त्यांनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं. 48 आठवड्यांनी सरासरी 16 किलो घटलं. सोळा किलो! आमच्याकडे एवढं कोणाचं उतरलं तर पेढे वाटतील. त्यातल्या जवळपास निम्म्या जणी मात्र स्वतःच्या हिशेबात 'निराशा' या रेषेपर्यंतही पोचल्या नव्हत्या.

एवढं सगळं मी बाईंना पहिल्याच दिवशी सांगितलं नाही. आधी मागच्या खेपेचं काय झालं ते विचारलं. कोणाच्या तरी सांगण्यावरून पावडरचे डबे घेतले होते. पहिल्या आठवड्यात तीन किलो गेले, पुढे एकूण नऊ. वर्षभरात अकरा परत आले. "मॅडम, माझ्यातच खोट आहे. मला राहवतच नाही," असं त्या म्हणाल्या.

इथे मी जरा वेळ दिला, कारण बहुतेकांचा अपराधीपणा इथेच मुरलेला असतो. खाणं एकदम तोडलं की शरीर आधी ग्लायकोजेनचा, म्हणजे यकृतात नि स्नायूंत ठेवलेल्या साखरेचा साठा वापरतं. त्याच्या दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं, तेही निघून जातं. पहिल्या आठवड्याच्या त्या तीन किलोंत चरबी थोडीच होती. नंतर भूक वाढली, तीही मनाच्या कमजोरीमुळे नाही. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात कडक आहारानं वजन घटवलेल्यांची भुकेची संप्रेरकं वर्षभरानंतरही पूर्ववत झाली नव्हती. शरीर गेलेलं वजन परत मागत राहतं. हे माहीत नसलेला माणूस त्यालाच जिभेचं चोचलं म्हणतो आणि स्वतःला शिव्या घालतो.

तरी त्यांची भीती पुरती उलगडली नव्हती. ती पुढच्या भेटीत निघाली, भिशीच्या गोष्टी सांगताना. नऊ किलो गेले तेव्हा सगळ्या जणी म्हणायच्या, 'किती बारीक झालीस गं! काय करून राहिली?' दर महिन्याला तेच. मग वजन परत वाढलं आणि कोणीच काही बोलेना. "बोलल्या असत्या तर बरं होतं. नुसत्या पाहायच्या," बाई म्हणाल्या. भिशी सोडली, लग्नाकार्यांत मागच्या खुर्चीवर बसू लागल्या. मग मला कळलं की यांना उपाशी राहायची धास्ती नाही, काट्याचीही नाही. लोकांनी पुन्हा कौतुक करावं आणि आपण पुन्हा त्यांच्यासमोर फुगावं, याची धास्ती आहे.

म्हणून पहिला ठराव असा झाला: कोणाला सांगायचं नाही. यजमानांनी उत्साहानं फ्रिजवर लावलेला तक्ता काढायचा. त्यांना हे जरा लागलं, पण काढला. वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी, कारण पाणी, मीठ, पाळी यांनी एक-दोन किलो असेच खालीवर होतात आणि रोज पाहणारा रोज घाबरतो.

दुसरं, आकडा. सहा महिन्यांत 5 ते 7 टक्के, म्हणजे 4 ते पावणेसहा किलो. बाईंचा चेहरा उतरला. "एवढंच?" 2002 मध्ये अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या प्रयोगाचे निकाल आले. त्यात लक्ष्य 7 टक्क्यांचंच होतं, जोडीला आठवड्याला 150 मिनिटं चालण्यासारखा व्यायाम. सरासरी 5.6 किलो घटलं आणि मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी कमी झालं. साखरेला पंचावन्नची गरज नसते, ती लग्नाच्या अल्बमला असते. हे मी जरा तिखटपणे बोलले, पण त्या हसल्या. म्हणाल्या, "मारबतीसोबत पाठवता आलं असतं तर किती बरं! घेऊन जा गे मारबत!" पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीचा पुतळा मिरवून जाळतात, ईडापीडा तिच्यासोबत जावी म्हणून; ही आरोळी तिथलीच.

खाण्याचं आहारतज्ज्ञांकडे सोपवलं. रविवारचे तर्री-पोहे राहिले, शाळेतून आल्यावर ओट्याशी उभ्यानं होणारं खाणं ताटात आलं. चालण्याचं म्हणाल तर मे महिन्यात नागपुरात आठनंतर 'फिरायला जा' सांगणं हा छळ आहे. बाई पहाटे कॉलनीतच फेऱ्या मारायच्या, मुलाच्या परीक्षेच्या दिवसांत गच्चीवर.

तिसऱ्या महिन्यात काटा 79 वर अडला आणि महिनाभर हलेना. 'झालं, सुरू झालं परत,' असा निरोप आला. शरीर हलकं झालं की त्याचा खर्चही घटतो, म्हणून असे टप्पे येतातच, हे आधी बोललेलं असल्यानं त्या काही सोडून पळाल्या नाहीत. सहा महिन्यांनी 77.5. एचबीएवनसी 5.8. पट्ट्याबाहेर नाही, पण कडेला.

हेच सगळ्यांना लागू करू नका. जेवण टाळणं, एकदम खूप खाऊन मुद्दाम उलटी करणं, आरशाकडे बघूही न शकणं असं काही असेल तर वजनाचा विषय बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटायला हवं.

बाई भिशीत परत गेल्या. तिथे कोणाला काही कळलंही नाही. साडेचार किलो साडीत दिसत नाहीत. दिवाळीनंतर सव्वा किलो वाढलं, तेव्हा त्यांनी त्याच आठवड्यात फोन करून वेळ मागितली. आधीच्या खेपेला त्या वर्षभर काट्यावर चढल्या नव्हत्या.