आधी चालू असलेले पाहा

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद.

जलशुद्धीकरण केंद्राच्या फाटकावर पहारेकऱ्याने “काय काम आहे?” असे विचारले आणि उत्तर न सुचल्यामुळे तू परत फिरलीस, हे वाचून मला वाईट वाटले आणि थोडा रागही आला. अभियंता नसताना अशा ठिकाणी पर्यटक म्हणून जाणे शोभते का, असे तू विचारतेस. तू नागपूरचे पाणी पितेस, एवढे काम पुरेसे आहे.

नागपुरात पाहायच्या ठिकाणांची तुझी यादी मी वाचली. झिरो माईलचा स्तंभ, मोतीबागचे नॅरोगेज (अरुंद रुळांच्या) रेल्वेचे संग्रहालय, १९२५ ची रेल्वे स्थानकाची इमारत हे सर्व वर, आणि पाणी, वीज, खाण ही खाली ‘जमल्यास’ म्हणून. हा क्रम उलटा कर. संग्रहालय २००२ पासून आहे आणि पुढेही राहील. पण ७६२ मिलिमीटर अंतराच्या रुळांवरून धावणारी इतवारी–नागभीड गाडी २०१९ मध्ये रूळ रुंद (ब्रॉडगेज) करण्यासाठी बंद झाली, आणि तिचे चालक व गार्ड एकमेकांना कोणती खूण कधी करीत, हे थंड इंजिनाकडे पाहून कळत नाही.

जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ ची. माझ्या लहानपणी तिच्या भोंग्यावर आमच्या वस्तीतील घड्याळे लावली जात, पण आत सूत कसे निघते हे दाखवायला मुलांना कोणी नेत नसे. मी स्वतः जाण्याच्या वयाचा झालो तोवर पाहण्यासारखे फारसे उरले नव्हते, आणि आज तेथे मॉल आहे. तेव्हापासून माझा हट्ट आहे की आधी चालू असलेले पाहावे. घरच्यांना तो कधीच रुचला नाही. शेजारी पचमढीला जात असताना आपण नवेगाव खैरीच्या कालव्यावर दारे पाहत उभे होतो, हे मला अजूनही ऐकवले जाते. पचमढीचे डोंगर कोठे पळून जात नव्हते, हे माझे उत्तर तेव्हाही होते आणि आजही आहे.

त्या कालव्याचा आणि तुझ्या नळाचा संबंध आहे. पेंच नदीचे पाणी तोतलाडोहच्या धरणात साठते, खाली नवेगाव खैरीच्या धरणात पुन्हा अडते आणि तेथून शहराकडे येते. केंद्रात तुरटीमुळे गाळ एकत्र होऊन तळाशी बसतो, उरलेला वाळूच्या थरात अडकतो. काही काळाने ती वाळू चोंदते आणि खालून हवा व पाणी उलट सोडून धुवावी लागते. ते धुणे पाहिल्याशिवाय परतू नकोस. स्थिर पाणी एकदम उसळते, गढूळ होते आणि सावकाश निवळते. आता थांबवावे हे कशावरून ठरते, ते साहेबांना नव्हे, तेथे उभ्या असलेल्या चालकाला विचार. शक्यतो पावसाळ्यात जा, कारण कच्च्या पाण्याचा गढूळपणा वाढला की तुरटीची मात्रा बदलावी लागते आणि माणसांचे कसब तेव्हाच दिसते. हिवाळ्यातील सहल सुखाची असते, पण तेव्हा हे कसब फारसे पणाला लागत नाही.

वीज पाहायची तर कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रात ६६० मेगावॉटचे तीन संच आहेत. तेथे परवानगी सहज मिळणार नाही, मिळाली तरी छायाचित्रे काढू देणार नाहीत, आणि ते योग्यच आहे. रेल्वेचे रूळ एकमेकांना छेदतात त्या डायमंड क्रॉसिंगच्या छायाचित्रासाठी मात्र रुळांवर मुळीच उतरू नकोस. मित्र उतरतात हे कारण मला सांगू नकोस, तो कायद्याने गुन्हा आहे.

फाटकावर पुन्हा रिकाम्या हाताने जाऊ नकोस आणि ओळखीचा माणूसही शोधू नकोस. कार्यकारी अभियंत्यांच्या नावे एक पानाचा अर्ज लिही: कोण येणार, कोणत्या दिवशी, नेमके काय पाहायचे. तो आवक विभागात देऊन प्रतीवर शिक्का घे आणि आठवड्याने तो क्रमांक घेऊन चौकशीला जा. नकार आला तर कारण लेखी माग, आणि पाऊस संपण्यापूर्वी दुसरा अर्ज दे.

तुझा,
काका