मुलीला फिट येते, मग नीटची तयारी सोडून द्यायची का?

हा प्रश्न माझ्याकडे दरवर्षी कुणी ना कुणी आणतंच, पण दार लावून, हळू आवाजात. मागे एक आई आल्या होत्या, नागपूरच्याच, पोरगी अकरावी सायन्सला (ओळख पटेल असं काही लिहीत नाहीये). त्या म्हणाल्या, "मॅडम, पोरगी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत अभ्यास करून राहिली अन् आता क्लासमध्ये मिरगी आली, सगळ्या पोट्ट्यांसमोर. घरचे म्हणतात डोक्यावर लोड नको, आर्ट्सला टाका."

पोरगी गप्प बसलेली. मी तिलाच विचारलं की गोळ्या चालू आहेत का, तर आईकडे बघून म्हणाली, "झोप येते म्हणून परीक्षेपुरत्या बंद केल्या."

बघा, अभ्यासाने फिट येत नाही. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी बारीक विजेच्या संदेशांनी बोलतात, त्यातल्या बऱ्याच एकदम, एकाच वेळी पेटल्या की झटका येतो, आणि ज्याला आधीच हा त्रास आहे त्याची झोप तुटली किंवा गोळी चुकली तर तो यायची शक्यता वाढते. इथे दोन्ही झालेलं. म्हणून मी पहिल्यांदा त्यांना त्यांच्या न्यूरोलॉजिस्टकडे परत पाठवलं, कारण गोळीने झोप येत असेल तर डोस किंवा औषध बदलता येतं, पण ते डॉक्टरने, आपण मनाने नाही. डब्ल्यूएचओ म्हणतं की बरोबर उपचार मिळाले तर जवळजवळ 70 टक्के लोक झटक्यांशिवाय राहू शकतात. हे ऐकून पोरगी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघायला लागली.

क्लासवाल्यांना सांगायचं का, यावर आईचं ठाम नाही. मला ते पटत नाही अन् मी तसं स्पष्ट बोलले, कारण त्या दिवशी तिथे कुणीतरी चप्पल हुंगवली आणि दातात चमचा घालायला निघाले होते. तोंडात काहीच घालायचं नाही, दाबून धरायचं नाही, कुशीवर वळवायचं, घड्याळ बघायचं आणि पाच मिनिटांच्या वर गेलं तर सरळ दवाखाना. एवढं एका सरांना माहीत असलं तरी खूप. शेवटी तयार झाल्या.

आता करिअर. पायलट, सैन्य, ड्रायव्हिंगची नोकरी या गोष्टी बाजूला ठेवाव्याच लागतात, आणि लायसन्सच्या फॉर्ममध्येच एपिलेप्सी, म्हणजे मिरगी, आहे का असं विचारतात, त्यामुळे अ‍ॅक्टिव्हाचा हट्ट गेला, मेट्रो जिंदाबाद (रडली त्यावर, आपल्या नागपुरात सोळा-सतरा वर्षाच्या पोरीला गाडी म्हणजे काय असतं ते सगळ्यांना माहीत आहे). पण डॉक्टर व्हायला ही अडचण असतेच असं नाही. तिला मेंदूचंच शिकायचंय म्हणे, स्वतःचा ईईजी (मेंदूतल्या विजेच्या संदेशांचा आलेख) काढताना बघत बसली होती. मग न्यूरोलॉजिस्टचा रस्ता सांगितला: एमबीबीएस साडेपाच वर्षं, एमडी तीन, डीएम (न्यूरोलॉजीतली त्यापुढची पदवी) आणखी तीन, आणि त्यात नाइट ड्युट्या येतात, तिच्यासाठी खरा प्रश्न तो आहे, बुद्धीचा नाही. नाहीच जमलं तर ईईजी टेक्निशियन, फिजिओ, स्पीच थेरपी आहेच, आणि ऑक्युपेशनल थेरपी, जी पॅरालिसिसच्या पेशंटला परत बटण लावायला, जेवायला शिकवते आणि जिच्याबद्दल आपल्याकडे कुणी बोलतच नाही. आर्ट्स घेऊनही सायकॉलॉजीतून क्लिनिकलकडे जाता येतं, पण ते आवड म्हणून घ्या, शिक्षा म्हणून नको.

निघताना आईने खरा प्रश्न काढला, लग्नाचा. सांगायचं की लपवायचं? मी म्हटलं, सांगायचं. हिंदू विवाह कायद्यात पूर्वी लग्नाच्या अटींमध्येच मिरगीचा अडसर होता, 1999 च्या दुरुस्तीत तो काढून टाकलाय. आई काही बोलायच्या आत पोरगीच म्हणाली, "आधी बारावी तर होऊ दे आई."

सध्या रात्री साडेदहाला झोपते, पहाटे उठून बायो करते.